पोस्टग्रेसच्या फंक्शनमध्ये मागाल तो क्रम: बरीच वर्षं वापरल्यानंतरचं परीक्षण

ग्रंथालयाच्या प्रणालीत एक अहवाल होता: सगळ्यात कमी वापरली गेलेली ५० पुस्तकं. अहवाल छापून घ्यायचा, कागदावर पुस्तकाचं नाव आणि कपाट क्रमांक एवढंच. त्यामागचं फंक्शन (डेटाबेसमध्येच साठवलेला, नावाने बोलवायचा कोड) तेच, जे पडद्यावरच्या यादीलाही माहिती पुरवायचं. कुठल्या कॉलमप्रमाणे क्रम लावायचा ते त्याला सांगायचं आणि ते तशा ओळी देणार. नावाप्रमाणे यादी लागत होती, लेखकाप्रमाणे लागत होती, दाखल तारखेप्रमाणेही लागत होती. ग्रंथपालबाईंनी 'एकूण देवघेव' या क्रमाने अहवाल काढला, कागद हातात घेऊन पुस्तकं कपाटाबाहेर काढायला सुरुवात केली आणि पाचव्या पुस्तकाशी थांबल्या. ते पुस्तक त्यांनी त्याच आठवड्यात दोन वाचकांना दिलं होतं.

फंक्शन मी लिहिलं होतं. त्रुटी आली नव्हती, लॉगमध्ये एक ओळ नव्हती, चाचण्या हिरव्या होत्या. ५० पुस्तकं मागितली होती, ५० आली होती. फक्त ती कुठलीही ५० होती. ती पुस्तकं कपाटाबाहेर पडलीच असती तर पुन्हा कोणाच्या हाती लागली असती, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सुटलेला नाही. म्हणून हे परीक्षण लिहिते आहे. पोस्टग्रेएसक्यूएल, म्हणजे थोडक्यात पोस्टग्रेस, हा डेटाबेस आणि त्यात फंक्शनं लिहायची पीएल/पीजीएसक्यूएल ही भाषा मी रोज वापरते, मला ती मनापासून आवडते, आणि फंक्शनच्या आत क्रम बदलता ठेवण्याच्या एका कामापुरतं तिच्याबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे.

थोडी ओळख. ही भाषा यान वीक यांनी लिहिली आणि १९९८ साली पोस्टग्रेसच्या ६.४ आवृत्तीत ती आली. २०१० च्या ९.० आवृत्तीपासून ती प्रत्येक नव्या डेटाबेसमध्ये आधीपासूनच बसवलेली असते, वेगळं काही करावं लागत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची वर्षं मात्र मधली आहेत. २००८ मध्ये ८.३ आवृत्तीत 'रिटर्न क्वेरी' आलं, म्हणजे क्वेरीचा निकाल फंक्शनमधून सरळ परत करणं. २००९ मध्ये ८.४ आवृत्तीत 'रिटर्न्स टेबल', 'एक्झिक्यूट'सोबतचं 'युझिंग' आणि 'रिटर्न क्वेरी एक्झिक्यूट' आलं. २०११ मध्ये ९.१ आवृत्तीत 'फॉरमॅट' हे फंक्शन आलं. आज मी जे लिहिते ते या तीन आवृत्त्यांच्या जोरावर. त्याआधीचा जुना कोड कधी समोर आला की उभ्या रेघांची जोडी वापरून चिकटवलेल्या स्ट्रिंगांचे तुकडे आणि अवतरणचिन्हांमधली अवतरणचिन्हं मोजत बसावं लागतं.

आता मुद्दा. या विषयात नवीन माणूस जे सगळ्यात आधी लिहून पाहतो ते म्हणजे कॉलमचं नाव पॅरामीटर म्हणून घ्यायचं आणि क्वेरीत क्रम सांगणाऱ्या 'ऑर्डर बाय'च्या पुढे तो पॅरामीटर ठेवून द्यायचा. फंक्शन तयार होतं, चालतं, ओळी देतं. क्रम मात्र लागत नाही. कारण समजून घेण्यासारखं आहे. पीएल/पीजीएसक्यूएल आपल्या क्वेरीतल्या प्रत्येक चलाच्या जागी मूल्याची जागा ठेवते, आणि मूल्य म्हणजे मूल्य, कॉलमचं नाव नव्हे. 'नाव' हा शब्द प्रत्येक ओळीसाठी तोच, मग सगळ्या ओळी समान ठरतात आणि लावायला काही उरतच नाही. पॅरामीटरमध्ये २ हा आकडा दिला तरी तेच. क्वेरीत थेट 'ऑर्डर बाय २' लिहिलं तर दुसरा कॉलम असा अर्थ होतो, पण पॅरामीटरमधून आलेला २ हा नुसता दोन असतो.

इथे या भाषेची जी खोड दिसते ती पुढे सगळीकडे भेटते. हाच स्थिर शब्द अवतरणात घालून थेट 'ऑर्डर बाय'पुढे लिहिला तर पोस्टग्रेस लगेच अडवतं, पूर्णांक नसलेला स्थिरांक इथे चालणार नाही म्हणून. तोच शब्द पॅरामीटरमधून आला तर अवाक्षर काढत नाही. चूक एकच, पण एका वाटेवर पहारा आहे आणि दुसऱ्या वाटेवर नाही. हा माझा या साधनावरचा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. माहिती चुकीची असली की पोस्टग्रेस फार कडक वागतं, तारखेच्या कॉलममध्ये ३० फेब्रुवारी शिरू देत नाही. क्रम चुकला की मात्र ते गप्प राहतं. 'हा क्रम निरर्थक आहे' अशी साधी सूचनासुद्धा मिळत नाही.

दुसरा मार्ग 'केस'चा. पॅरामीटर अमुक असेल तर हा कॉलम, तमुक असेल तर तो. वाचायला सोपा, सुरक्षित, स्ट्रिंग कुठे जोडायला नको. बहुतेक जण इथे थांबतात आणि छोट्या कामाला ते पुरतंही. पण त्याचे काटे माहीत हवेत. एका 'केस'च्या सगळ्या फांद्यांचा प्रकार एकच लागतो. एका फांदीत मजकूर आणि दुसरीत तारीख ठेवली की 'केस'चे प्रकार जुळत नाहीत अशी त्रुटी येते. ही चांगली गोष्ट, निदान ती बोलते तरी. मग घाईतला माणूस काय करतो, तर सगळ्यांचं मजकुरात रूपांतर करतो. त्रुटी जाते आणि १० हा आकडा ९ च्या आधी येऊन बसतो, कारण मजकूर म्हणून पाहिलं तर १ हे अक्षर ९ च्या आधीचं. पहिल्या पानावर सगळे एकअंकी आकडे असतील तर हे कळायलाही वेळ लागतो.

बरोबर पद्धत म्हणजे प्रत्येक प्रकारासाठी वेगळा 'केस', स्वल्पविरामाने एकापुढे एक. शिवाय चढता-उतरता हे शब्द 'केस'च्या आत जात नाहीत, म्हणून प्रत्येकाच्या दोन प्रती, एक चढत्यासाठी आणि एक 'डेस्क' (उतरता) लावलेली. पाच वेगवेगळ्या प्रकारांचे कॉलम असतील तर दहा ओळींचा 'ऑर्डर बाय'. मी असं फंक्शन लिहिलं आहे आणि सांभाळलंही आहे. सहावा कॉलम वाढवताना एकच फांदी वाढवली गेली, उतरती राहून गेली, आणि पुन्हा तोच गप्पपणा: कुठलीच अट लागू न झालेला 'केस' 'नल', म्हणजे रिकामं मूल्य, देतो, सगळ्या ओळी समान, क्रम नाही, तक्रार नाही.

आता सुरुवातीच्या त्या ५० पुस्तकांकडे वळते, कारण तिथे यापेक्षा खोल खड्डा होता. देवघेव मोजून तिला 'एकूण' असं टोपणनाव दिलेलं होतं, आणि 'ऑर्डर बाय'मधल्या 'केस'च्या फांदीत मी तेच 'एकूण' लिहिलं होतं. पोस्टग्रेसचा नियम असा की निकालातलं टोपणनाव 'ऑर्डर बाय'मध्ये एकटं आलं तरच ओळखलं जातं. ते एखाद्या पदावलीच्या आत आलं, म्हणजे 'केस'मध्ये किंवा बेरजेत, तर ते मूळ टेबलचा कॉलम म्हणून शोधलं जातं. हीच क्वेरी मी फंक्शनबाहेर चालवली असती तर 'एकूण' नावाचा कॉलम नाही अशी त्रुटी तिथेच मिळाली असती. पण फंक्शनच्या आत आणखी एक 'एकूण' होता. 'रिटर्न्स टेबल'मध्ये आपण जे कॉलम जाहीर करतो ते फंक्शनच्या आत चल म्हणूनही वावरतात. टेबलात कॉलम सापडला नाही, तेव्हा भाषेने ते नाव चलाला जोडलं. त्या चलात कोणीच काही भरलेलं नव्हतं, म्हणजे 'नल'. सगळ्या ओळींसाठी 'नल'. क्रम संपला.

कॉलम आणि चल दोघांचं नाव एकच असेल तर ९.० आवृत्तीपासून संदिग्ध उल्लेखाची त्रुटी येते, आणि ती फार मोलाची आहे. मी तिच्यावर विसंबून होते. पण इथे संदिग्धता नव्हतीच, टोपणनाव शर्यतीतच नव्हतं. हे कळायला मला अर्धा दिवस लागला. दुरुस्तीला दोन मिनिटं: मोजणीची क्वेरी आत उपक्वेरी म्हणून ठेवली, बाहेर तिला टेबलासारखं नाव दिलं आणि 'ऑर्डर बाय'मध्ये त्या नावासकट कॉलम लिहिला. शिवाय तेव्हापासून फंक्शनने परत करायच्या कॉलमांची नावं आतल्या टोपणनावांहून वेगळी ठेवते. कुरूप दिसतात, पण ठेवते.

त्यानंतर मी क्रमासाठी 'एक्झिक्यूट'कडे वळले आणि तिथेच राहिले. क्वेरी स्ट्रिंग म्हणून तयार करायची आणि 'रिटर्न क्वेरी एक्झिक्यूट'ने चालवायची. इथे या उत्पादनाचा दर्जा खरोखर दिसतो. 'फॉरमॅट' फंक्शनला तीन खुणा आहेत. टक्क्यापुढे आय म्हणजे ओळखनाम, कॉलमचं किंवा टेबलाचं नाव. टक्क्यापुढे एल म्हणजे अवतरणातलं मूल्य. टक्क्यापुढे एस म्हणजे जसंच्या तसं चिकटव, आणि तीच धोक्याची. ओळखनामाची खूण वापरली की गरज असेल तिथे दुहेरी अवतरण लागतं, आत अवतरणचिन्ह घुसवायचा प्रयत्न केला तर तेही निष्प्रभ होतं. 'नल' दिलं तर ती सरळ त्रुटी देते. हीच गोष्ट जुन्या पद्धतीने तुकडे जोडून केली तर एका 'नल'ने सगळी स्ट्रिंग 'नल' होते आणि 'एक्झिक्यूट' म्हणतं की चालवायला क्वेरीच नाही. मूल्यं मात्र स्ट्रिंगमध्ये घालूच नयेत, ती 'युझिंग'मधून डॉलर १, डॉलर २ अशी पाठवावीत. शोधायचा शब्द, किती ओळी, कुठपासून, हे सगळं 'युझिंग'ने. कॉलमचं नाव तेवढं 'फॉरमॅट'ने. ही विभागणी इतकी स्वच्छ आहे की दुसऱ्याने लिहिलेलं फंक्शनही एका नजरेत तपासता येतं.

आणखी एक सुख म्हणजे 'एक्झिक्यूट'च्या स्ट्रिंगमध्ये फंक्शनचे चल दिसतच नाहीत. त्यामुळे वर सांगितलेला 'एकूण'चा घोटाळा इथे होऊ शकत नाही. चुकीचं नाव लिहिलं तर कॉलम नाही अशी त्रुटी, ताबडतोब.

बारीक खाचा आहेत. ओळखनामाच्या खुणेला टेबलाचं टोपणनाव, मधे टिंब आणि पुढे कॉलम असं एकत्र दिलं तर ते सगळं मिळून एकच नाव समजलं जातं आणि त्या नावाचा कॉलम अर्थातच सापडत नाही. दोन खुणा, मधे टिंब, असं लिहावं लागतं. मोठ्या अक्षराने सुरू होणारं नाव आलं तर ते मोठ्या अक्षरासकट अवतरणात जातं आणि लहान अक्षरांच्या कॉलमशी जुळत नाही. आणि 'डेस्क' हा शब्द ओळखनामाच्या खुणेतून पाठवू नका. तो राखीव शब्द असल्याने त्यालाही अवतरण लागतं आणि वाक्यरचनाच मोडते. दिशा ही बुलियन म्हणून घ्यावी आणि 'एएससी' किंवा 'डेस्क' हे शब्द फंक्शनने स्वतः निवडून एसच्या खुणेने घालावेत. एसची खूण मी एवढ्याच एका जागी वापरते, जिथे मजकूर माझ्याच कोडमधून येतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगते, कारण अनुभवी लोकही इथे सुटतात. ओळखनामाची खूण वापरली म्हणजे काम सुरक्षित झालं असं समजू नका. ती घुसखोर आज्ञेपासून वाचवते. कुठल्या कॉलमप्रमाणे क्रम लावायला परवानगी आहे हे तिला माहीत नसतं. सभासदांच्या यादीत जन्मतारीख दाखवत नाही, पण जन्मतारखेप्रमाणे क्रम लावू दिला तर कोण कोणापेक्षा मोठा हे उघड झालंच. त्यात स्वतःची ओळ कुठे आहे ते पाहिलं की इतरांच्या तारखांना एक बाजूने मर्यादाही मिळते. न दाखवलेला कॉलम क्रमातून गळतो. फंक्शन 'सिक्युरिटी डिफायनर' असेल, म्हणजे मालकाच्या अधिकाराने चालत असेल, तर हे आणखी गंभीर, आणि अशा फंक्शनला 'सर्च पाथ' (नावं कुठे कुठे शोधायची ती यादी) बांधून देणंही तितकंच जरूर.

म्हणून माझ्या फंक्शनात बाहेरून आलेलं नाव कधीच क्वेरीत जात नाही. बाहेरून येते एक किल्ली: 'नाव', 'लेखक', 'दाखल', 'एकूण'. एका 'केस'मध्ये तिचं कॉलमच्या नावात रूपांतर होतं, आणि यादीत नसलेली किल्ली आली तर 'रेझ एक्सेप्शन', म्हणजे मुद्दाम उठवलेली त्रुटी, सोबत २२०२३ हा त्रुटी संकेत, म्हणजे पॅरामीटरचं मूल्य अवैध. इथे मुद्दाम कुठलाही मूळ क्रम गृहीत धरत नाही. पडद्यावरच्या कोडने चुकीची किल्ली पाठवली तर ती चूक त्याच क्षणी दिसली पाहिजे. भाषा जिथे गप्प राहते तिथे बोलणं मी माझ्याकडे घेतलं आहे.

वेगाबद्दल. क्वेरी चालवण्याआधी पोस्टग्रेसचा प्लॅनर हा भाग ती कशी चालवायची याची योजना आखतो. 'एक्झिक्यूट'ची क्वेरी दर वेळी नव्याने नियोजित होते, योजना साठवून ठेवली जात नाही. लोक याला दोष म्हणतात. यादीच्या पडद्यासाठी मी याला गुण म्हणेन. माणूस टिचकी मारतो, क्वेरी एकदा चालते, नियोजनाचा वेळ त्यात जाणवतही नाही, आणि प्लॅनरसमोर साधा 'ऑर्डर बाय नाव' असतो, त्यामुळे नावावरचा इंडेक्स (आधीच क्रमाने लावून ठेवलेली सूची) त्याला सरळ वापरता येतो. हेच फंक्शन लूपमध्ये हजारो वेळा बोलवायचं असेल तर हिशेब वेगळा.

'केस'वाल्या स्थिर क्वेरीबद्दल, म्हणजे स्ट्रिंग न जोडता फंक्शनमध्ये थेट लिहिलेल्या क्वेरीबद्दल, एक गैरसमज मात्र खोडून काढते, कारण मीही तो बराच काळ बाळगला होता. 'केस' आला म्हणजे इंडेक्स कधीच वापरला जाणार नाही, असं नाही. पीएल/पीजीएसक्यूएल पहिल्या पाच खेपांना पॅरामीटरची मूल्यं धरून खास योजना बनवते. मूल्य ठाऊक असलं की प्लॅनर 'केस'च्या अटी तिथेच सोडवतो, लागू झालेली फांदी उरते ती नुसता कॉलम म्हणून आणि बाकीचे 'केस' 'नल' होऊन क्रमातून गळून पडतात. इंडेक्स मग वापरता येतो. पाच खेपांनंतर सर्वसाधारण योजनेचा खर्च तुलनेला घेतला जातो आणि ती महाग नसेल तर तीच लावली जाते, तिच्यात 'केस' जसाच्या तसा राहतो. २०१९ च्या १२ व्या आवृत्तीपासून 'प्लॅन कॅश मोड' ही मांडणी आहे, तिने दर वेळी खास योजना सक्तीने घेता येते, आणि ती त्या एका फंक्शनपुरतीही लावता येते.

हे सगळं बघायचं कसं, हा पुढचा अडथळा. फंक्शनवर 'एक्सप्लेन' ही योजना दाखवणारी आज्ञा चालवली तर 'फंक्शन स्कॅन' एवढी एकच पायरी दिसते. आत काय झालं ते झाकलेलं. त्यासाठी 'ऑटो एक्सप्लेन' हे जोड-मॉड्यूल भरावं लागतं आणि त्यातली आतल्या क्वेऱ्याही नोंदवायची सोय चालू करावी लागते, मग लॉगमध्ये खरी योजना उमटते. सोय उत्तम आहे, पण ती आहे हेच कित्येकांना माहीत नसतं.

बाहेरून क्रम लावावा का, असा प्रश्न मला हमखास विचारला जातो. फंक्शनला क्रम सांगायचाच कशाला, बाहेर 'ऑर्डर बाय' लावा, झालं. लहान निकालाला हे सगळ्यात चांगलं उत्तर आहे, मी स्वतः तेच सुचवते. पण पीएल/पीजीएसक्यूएलचं 'रिटर्न क्वेरी' सगळा निकाल आधी गोळा करून मगच बाहेर देतं. बाहेर पन्नासाची मर्यादा घातली तरी आतल्या लाखो ओळी जमा होणारच, 'वर्क मेम' या मेमरीच्या मर्यादेपलीकडे गेल्या की डिस्कवर जाणार. शिवाय प्लॅनर अशा फंक्शनमधून १००० ओळी येतील असं धरून चालतो, आपण वेगळं सांगितलं नाही तर. त्याऐवजी साध्या एसक्यूएल भाषेतलं, एकाच 'सिलेक्ट'चं, 'स्टेबल' (माहिती न बदलणारं) म्हणून जाहीर केलेलं फंक्शन असेल तर पोस्टग्रेस ते बाहेरच्या क्वेरीत विरघळवून टाकू शकतं. मग बाहेरचा 'ऑर्डर बाय' आणि मर्यादा दोन्ही आतपर्यंत पोचतात, इंडेक्ससकट. जिथे जमतं तिथे मी हाच मार्ग घेते आणि 'एक्झिक्यूट'ला हात लावत नाही. जिथे फंक्शन 'सिक्युरिटी डिफायनर' आहे किंवा आत दोन-चार पायऱ्यांचं काम आहे, तिथे हे जमत नाही.

पानं पाडून यादी द्यायची असेल तर शेवटी एक अद्वितीय कॉलम जोडायलाच हवा, मागितलेला क्रम कुठलाही असो. एकाच तारखेला दाखल झालेली शंभर पुस्तकं आपसात कशी लागतील याची हमी नाही, आणि मग एक पुस्तक पहिल्या पानावरही दिसतं आणि दुसऱ्यावरही, दुसरं एखादं कुठेच दिसत नाही. पूर्वी असा जोड-कॉलम लावला की नुसत्या तारखेवरचा इंडेक्स वाया जायचा. २०२० च्या १३ व्या आवृत्तीत इन्क्रिमेंटल सॉर्ट आलं आणि तारखेचा इंडेक्स वापरून त्या त्या तारखेपुरतंच आत लावणं शक्य झालं. बदलत्या क्रमाच्या फंक्शनला याचा जेवढा फायदा झाला तेवढा दुसऱ्या कुठल्या सुधारणेचा माझ्या कामात झाला नाही. रिकाम्या मूल्यांकडेही लक्ष हवं. पोस्टग्रेस 'नल'ला सगळ्यात मोठं धरतं, म्हणून चढत्या क्रमात ती शेवटी आणि उतरत्यात सगळ्यात वर येतात. उतरत्या तारखेने यादी मागितली आणि पहिलं पान तारीखच नसलेल्या पुस्तकांनी भरलं, हे वापरणाऱ्याला बिघाडच वाटतं. मी दोन्ही दिशांना 'नल्स लास्ट' लावते. इंडेक्स त्याच घडणीचा नसेल तर उतरत्या क्रमाला तो लागू पडत नाही, हे त्यासोबत आलंच.

इतर डेटाबेसमध्येही मी काम केलं आहे, त्यामुळे तुलना थोडक्यात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये फंक्शनच्या आत बदलती क्वेरी चालवताच येत नाही, त्यासाठी प्रोसिजर हवी, म्हणजे स्वतंत्रपणे बोलवायचा साठवलेला कोड, जो क्वेरीत टेबलासारखा वापरता येत नाही. ओळी देणाऱ्या साध्या फंक्शनमध्ये तर 'टॉप' किंवा 'ऑफसेट'शिवाय 'ऑर्डर बाय'च मान्य नाही. मायएसक्यूएलमध्ये साठवलेलं फंक्शन ओळींचा संच परत करू शकत नाही आणि आत 'प्रिपेअर'ही (स्ट्रिंगवरून क्वेरी तयार करणं) करू देत नाही, तिथेही प्रोसिजरचाच आधार. ओरॅकलमध्ये स्ट्रिंगवरून कर्सर (निकालाच्या ओळी एकेक करून वाचायची सोय) उघडता येतो आणि नावं तपासायला 'डीबीएमएस असर्ट' हे पॅकेज आहे, ते भक्कम आहे. पण फंक्शनने ओळी द्याव्यात, त्याच फंक्शनने क्रमही ऐकावा, आणि ते टेबलासारखं 'फ्रॉम'मध्ये ठेवता यावं, हे तिन्ही इतक्या कमी ओळींत मला पोस्टग्रेसमध्येच लिहिता आलं.

तपासणीच्या साधनांबद्दल समाधानी नाही, पण निराशही नाही. पावेल स्तेहुले यांचं 'पीएलपीजीएसक्यूएल चेक' हे एक्स्टेन्शन मी प्रत्येक प्रकल्पात बसवते. स्थिर क्वेरीतली चुकीची नावं ते फंक्शन न चालवता पकडतं, आणि न तपासलेली स्ट्रिंग 'एक्झिक्यूट'मध्ये जात असेल तर घुसखोरीच्या धोक्याची सूचनाही देतं. चालताना तयार होणाऱ्या क्वेरीचा क्रम बरोबर लागेल की नाही, हे मात्र कुठलंही साधन आधी सांगू शकत नाही. ते चालवूनच पाहावं लागतं.

पाचपैकी किती, असं विचाराल तर 'फॉरमॅट' आणि 'युझिंग' या जोडीला पाच, स्थिर क्वेरीत क्रम बदलता ठेवण्याच्या सोयीला दोन. नवीन काम सुरू करणाऱ्याला मी हे साधन निःसंकोच सुचवेन, त्याच दिवशी क्रमाची चाचणी लिहायची या अटीवर. चाचणी फार मोठी नाही. फंक्शन 'फ्रॉम'मध्ये ठेवून 'विथ ऑर्डिनॅलिटी' लावायचं, २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून ते मिळतं, आणि प्रत्येक ओळीला ती कितवी आली तो आकडा चिकटतो. मग आधीच्या ओळीतलं मूल्य देणाऱ्या 'लॅग'ने प्रत्येक ओळ आधीच्या ओळीशी ताडून पाहायची. प्रत्येक किल्लीसाठी, दोन्ही दिशांना. चाचणीच्या माहितीत मूल्यं वेगवेगळी आहेत ना हेही बघायचं, नाहीतर सगळी समान मूल्यं कुठल्याही क्रमात बरोबरच ठरतात. एकअंकी, दोनअंकी आणि तीनअंकी आकडे तिन्ही हवेत, दोन-तीन ओळी 'नल'च्या हव्यात.

माझ्या जुन्या चाचण्या फक्त ओळी मोजत होत्या. आता किल्ल्यांच्या यादीत 'एकूण' सगळ्यात वर आहे, चढत्या दिशेने, ५० च्या मर्यादेसकट. ग्रंथपालबाईंना नवा अहवाल काढून दिला तेव्हा कागदावर नाव आणि कपाट क्रमांकाशेजारी तिसरा कॉलम होता, किती वेळा दिलं त्याचा. तो त्यांनीच मागून घेतला.